४० डिग्रीत डर्ट बाईक: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ऊन तापायला लागलं की मला येणारे प्रश्नही ठरलेले असतात, निम्मे पाण्याचे आणि निम्मे उकळणाऱ्या रेडिएटरचे. यावेळी सगळे एकदमच घेतो.

प्रश्न: दोन-तीन तास ट्रेलवर असतो. मधे थांबायला नको म्हणून निघतानाच दोन लिटर पाणी पिऊन घेतो. चालेल ना?

नाही हो, उंट आहात का? एकदम ढोसलेलं बरंचसं पाणी तासा-दीड तासात लघवीवाटे जातं, आणि तोपर्यंत पोट डचमळत राहतं ते वेगळंच, व्हूप्सवर (ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर) गेलात की कळेल. मेहनतीची राईड असेल तर तासाला एक ते दीड लिटर घाम सहज जातो, काहींचा दोन लिटरपर्यंत, पण पोटातून पुढे सरकतं ते तासाला लिटरच्या आसपासच, म्हणजे हिशेब तुटीतच जाणार हे धरूनच चला. आदल्या संध्याकाळपासून नीट पाणी प्या, निघायच्या दोन तास आधी अर्धा लिटर, आणि मग दर दहा-पंधरा मिनिटांनी हायड्रेशन पॅकच्या (पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीच्या) नळीतून दोन-तीन घोट. नेमकं आपलं प्रमाण काढायचं असेल तर राईडच्या आधी आणि नंतर कपडे काढून वजन करा, एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटरची तूट.

आणि तीन तास नुसतं साधं पाणी पीत राहू नका. घामातून मीठ जातं, वरून साधंच पाणी ओतत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली येतं. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की त्याची डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण हे सगळं ऊन लागल्यासारखंच दिसतं, मग मित्र काळजीपोटी आणखी पाणी पाजतात. पॅकमधे ओआरएस टाका, विषय संपला.

प्रश्न: दादा, उन्हात चेस्ट प्रोटेक्टर आणि नी गार्ड घालून जीव नकोसा होतो. मित्र नुसत्या टी-शर्टवर चालवतात. मी पण काढू का?

नको रे. दगड काही उन्हाळी सुट्टीवर जात नाहीत. आणि एक गोष्ट समजून घे, आपली कातडी साधारण ३५ डिग्रीला असते, हवा त्याच्या वर गेली की वारा अंग गार करत नाही, उलट तापवतो. तेव्हा गारवा येतो तो फक्त घाम वाळण्यातून. म्हणून उघड्या हातांपेक्षा सैल, जाळीदार, फुल बाह्यांची जर्सी बरी, आणि तीच पाण्यात बुचकळून घालायची, वीस-पंचवीस मिनिटं मस्त जातात. फक्त हवा दमट असेल तर हे फारसं चालत नाही, घाम नुसता टपकतो, वाळत नाही. त्यामुळे दमट ३३ डिग्री कधीकधी कोरड्या ४० पेक्षा जास्त वाईट असतं, नुसता आकडा बघून निघू नकोस.

प्रश्न: चढावर बाईक उकळते, कूलंट बाहेर फेकते. १.८ बारचं (बार म्हणजे दाबाचं माप) रेडिएटर कॅप टाकलं की प्रॉब्लेम सुटेल असं एकाने सांगितलं.

अर्धवट खरं आहे. अर्धं पाणी घातलेलं ५०-५० कूलंट साध्या दाबाला १०७ डिग्रीच्या आसपास उकळतं, १.१ बारच्या कॅपने ते १२५ च्या पुढे जातं, १.८ ने आणखी वर. पण इंजिन त्याने गार होत नाही, कुकरची शिट्टी उशिरा वाजते एवढंच. आणि होजपाईप जुने असतील तर तो जास्तीचा दाब त्यांच्यावर येतो.

आधी उकळते का ते बघा. बऱ्याच मोटोक्रॉस बाईकना फॅनच नसतो, कारण त्या वेगात पळायला बनवलेल्या आहेत, वारा आपोआप लागेल हे गृहीत धरलेलं. तुम्ही तीच बाईक पहिल्या गिअरमधे, क्लच अर्धा दाबून, माणसाच्या चालीने दगडांतून वर नेता. घासणाऱ्या क्लचची उष्णता ऑइलमधे जाते आणि वारा शून्य. तेव्हा क्लचवर लटकणं कमी करा, जिथे जमेल तिथे वरच्या गिअरमधे आणि गतीत चढा, असलं रायडिंग नेहमीचंच असेल तर फॅन किट लावा. रेडिएटरच्या फिन्समधला (पातळ पत्र्यांमधला) वाळलेला चिखल मागच्या बाजूने हलक्या धारेने काढा, प्रेशर वॉशर जवळ धरलात तर फिन्स झोपतील. प्रत्येक उकळीला कूलंट कमी होतं ते भरता का? बरेच जण भरत नाहीत आणि पुढच्या वेळी आणखी लवकर उकळली म्हणून नशिबाला दोष देतात. सपाटीवर नॉर्मल स्पीडलाही उकळत असेल तर मात्र वॉटर पंप आणि हेड गॅस्केट तपासून घ्या.

गरम असताना कॅप उघडायचं नाही, दाब सुटला की आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. रेडिएटरला उघडा हात आरामात ठेवता आला की मगच.

प्रश्न: माझी टू-स्ट्रोक आहे. उन्हाळ्यात इंजिन जास्त तापेल म्हणून सेफ्टीसाठी कार्बोरेटरमधे मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) टाकला, आता अडखळते आणि धूर पण जास्त.

आगीतून फुफाट्यात. गरम हवा विरळ असते, २० वरून ४० डिग्रीला गेलात तर घनता सहा टक्क्यांच्या वर कमी होते. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिक्श्चर आधीच रिच (पेट्रोल जास्त) झालेलं, त्यात तुम्ही आणखी भर घातली. आधी जुना जेट परत टाका, मग गरज वाटली तर एक साइज खाली, स्पार्क प्लगचा रंग बघत. एकदम दोन-तीन साइज उतरू नका, मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) होऊन पिस्टन जाईल. आणि थंडी आली की परत बदलायचं, हे विसरलात की वाट लागली.

प्रश्न: लांब उतारावर मागचा ब्रेक एकदम खाली जातो, थांबलं की पाच मिनिटांत नीट!

पाय पेडलवर विसावलेला असतो तुमचा, कळतही नाही, आणि ब्रेक तापत राहतो, मग आतलं फ्लुइड उकळून पेडल खाली जातं. नवं डॉट ४ ब्रेक फ्लुइड किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग तीच मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. फ्लुइड बदला, पाय उचला.

प्रश्न: ऊन लागतंय हे चालवता चालवता कसं ओळखायचं?

चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं ही लक्षणं सगळ्यांना पाठ असतात, पण माझ्या अनुभवात त्याच्या आधी चुका सुरू होतात. एकदा मी शंभर वेळा मारलेलं वळण दोनदा चुकलो, क्लच बिघडला म्हणून थांबून केबल खेचत बसलो, आणि सोबतच्याने विचारलं कितवी लॅप, तर मला सांगता येईना. क्लच ठणठणीत होता. तेव्हापासून नियम असा, सोप्या जागी दोन चुका झाल्या की हेल्मेट काढून सावलीत बसायचं, विनाकारण चिडचिड व्हायला लागली तरीही.

कोणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला तर तो हीटस्ट्रोक समजा, घाम येत असला तरीही. लगेच अँब्युलन्सला फोन, आणि ती येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही, गिअर उतरवा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. गार पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवता आलं तर सगळ्यात उत्तम, डोकं धरून ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न: हिवाळाभर बाईक बंद होती, पुढच्या रविवारी ग्रुपसोबत फुल डे प्लॅन आहे, जाऊ ना?

जा, पण फुल डे नको. शरीराला उन्हाची सवय व्हायला रोज थोडं थोडं करत एक ते दोन आठवडे लागतात, तेव्हा कुठे घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. या आठवड्यात रोज तासभर उन्हात चाला नाहीतर सायकल मारा, रविवारी पहाटे सुरू करून दहाच्या आत बाईक ट्रेलरवर चढवा. ग्रुप हसेल, हसू दे. आणि हो, गरम सायलेन्सर घेऊन वाळक्या गवतात बाईक उभी करू नका.