प्रभागरचना म्हणायचं की परिसीमन?

प्रश्न असा आलाय की महापालिकेचे वॉर्ड नव्याने पाडतात त्याला पेपरवाले कधी ‘प्रभागरचना’ म्हणतात, कधी ‘वॉर्ड पुनर्रचना’, आणि चॅनेलवर कुणीतरी ‘परिसीमन’ म्हणतं, तर हे सगळं एकच का, आणि हरकतीच्या अर्जात नेमकं काय लिहावं.

आधी परिसीमन बाजूला काढू. हा शब्द दिल्लीच्या कारभारातला, लोकसभा आणि विधानसभेच्या मतदारसंघांसाठीचा, त्यासाठी वेगळा परिसीमन आयोग नेमतात. आपले आत्ताचे ४८ लोकसभेचे आणि २८८ विधानसभेचे मतदारसंघ ज्या हद्दींवर उभे आहेत त्या २००८ च्या परिसीमनातून आल्या आणि २००९ च्या निवडणुकांपासून लागू झाल्या. महापालिकेच्या प्रभागांशी त्या आयोगाचा काडीचा संबंध नाही. २०२५ मध्ये बघा, प्रारूप म्हणजे कच्चा आराखडा महापालिका आयुक्तांनी केला, तो नगरविकास खात्यामार्फत राज्य निवडणूक आयोगाकडे गेला, म्हणजे यंत्रणाच वेगळी. त्यामुळे ‘पुणे महापालिकेचं परिसीमन’ असं कुणी लिहिलं की वाचणाऱ्याला उगाच वाटतं दिल्लीहून कुणी येऊन करून गेलं, आणि हरकत कुणाकडे द्यायची इथपासून गोंधळ सुरू होतो.

आता काहीजण म्हणतील मग ‘सीमांकन’ म्हणा, सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं. कारण महाराष्ट्रात नुसती रेघ हलत नाही, एका प्रभागात किती नगरसेवक हेही बदलत राहतं. पुण्याचंच घ्या, २०१२ ला दोन-दोन सदस्यांचे ७६ प्रभाग होते, म्हणजे १५२ नगरसेवक, मग २०१७ ला बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले आणि प्रभागांची संख्या आली ४१ वर पण नगरसेवक झाले १६२, मध्ये तीन सदस्यांची ५८ प्रभागांची एक रचना झाली ती निवडणुकीपर्यंत पोचलीच नाही, आणि २०२५ मध्ये परत ४१ प्रभाग, नगरसेवक १६५, त्यात एक प्रभाग चक्क पाच जणांचा. हे सगळं ‘सीमांकन’ या शब्दात कसं मावणार? ‘रचना’मध्ये मावतं. किती प्रभाग, एकात किती जण, क्रमांक कुठून कुठे जाणार (उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला संपवतात), आणि मग हद्दी. म्हणून प्रभागरचना हा शब्द मला मनापासून आवडतो, सरकारी असला तरी अर्थाला पक्का आहे. लिहिताना एकच शब्द, जोडून.

वॉर्ड आणि प्रभाग एकच का? बोलताना एकच. ‘आमचा वॉर्ड फोडला’, ‘वॉर्ड लेडीज पडला’ असंच लोक म्हणतात, ‘प्रभाग फोडला’ म्हणणारे कमी, आणि वॉर्ड हा आता मराठीच शब्द आहे, वॉर्डात, वॉर्डातला, वॉर्डाचा असा छान चालतो. पण मुंबईत जपून. तिथे के वेस्ट, एफ नॉर्थ हेही वॉर्डच, ते प्रशासकीय, त्यांचं ऑफिस असतं, पाणी-कचऱ्याची तक्रार तिथे जाते. आणि निवडणुकीचे वॉर्ड वेगळे, ते २२७, प्रत्येकात एकच नगरसेवक (मध्यंतरी २३६ करायचं ठरलं होतं, ते परत २२७ वर आणलं). म्हणून मुंबईबद्दल लिहिताना निवडणुकीसाठी प्रभाग आणि ऑफिससाठी वॉर्ड असं ठेवलं तर वाचणाऱ्याची सोय होते.

गावाकडे हे दोन्ही शब्द जिल्हा परिषदेला चालत नाहीत. तिथे गट आणि गण. कायद्यात ‘निवडणूक विभाग’ आणि ‘निर्वाचक गण’ आहे, पण बोलतात गट-गण, जिल्हा परिषदेचा गट आणि त्याच्या पोटात पंचायत समितीचे दोन गण. आणि प्रभागरचनेच्या कागदात जो ‘प्रगणक गट’ दिसतो तो तिसराच, तो जनगणनेचा, शंभर-दीडशे घरांचा तुकडा, जो शक्यतो फोडायचा नाही असा नियम आहे. या दोन ‘गटां’ची गल्लत बातम्यांत सुद्धा होते.

प्रारूपावर लोकांकडून मागवतात त्या ‘हरकती व सूचना’ मधली हरकत पण बघण्यासारखी आहे. मूळ अरबी, अर्थ हालचाल. हिंदीत तिचा अर्थ झाला कृती, त्यातही खोडी, वागणं, आणि मराठीत मात्र आक्षेप, अडचण, ‘काही हरकत नाही’ मधली. त्यामुळे हिंदी भाषक शेजाऱ्याला ‘तुमची हरकत द्या’ म्हणाल तर तो दचकेल, त्याला ‘आपत्ति’ म्हणून सांगा, जी आपल्याकडे संकट असते.

पुनर्रचना लिहिताना र वर रफार हवाच, ‘पुनरचना’ चूक. संस्कृतात खरं तर र पुढे र आला की पहिला गळतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो, निर् + रस = नीरस, निर् + रोग = नीरोग, त्या हिशेबाने पुनारचना व्हायला हवं होतं, पण मराठीत पुनर्रचनाच रुळलंय आणि ते बरोबर धरायचं. गोव्याच्या मराठी पेपरांत ‘प्रभाग फेररचना’ दिसतं, तेही उत्तम, फेरविचार, फेरमतमोजणी याच घरातलं.

आता अर्ज. विषयात ‘प्रारूप प्रभागरचनेवर हरकत’ असं लिहा, ‘पुनर्रचना’ नको कारण अधिसूचनेत तो शब्द नसतो. पुढे प्रभाग क्रमांक, आणि तुमचा आक्षेप हद्दीवर आहे की व्याप्तीवर ते वेगळं सांगा. हद्द म्हणजे उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी दिलेली रेघ (नाला, रेल्वे, रस्ता), आणि व्याप्ती म्हणजे आत येणाऱ्या वस्त्या-सोसायट्यांची नावं. तुमची सोसायटी व्याप्तीत नावाने आहे पण हद्दीच्या रेघेबाहेर पडतेय असं असेल तर तेवढंच, त्याच दोन शब्दांत लिहा.