आधी पाटी वाचू नकोस

चित्रासमोर गेल्यावर शेजारची पाटी लगेच वाचू नकोस. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा. कोणता रंग आधी डोळ्यांत भरला? तो याआधी कुठे पाहिलायस?

मला चित्रकार वासुदेव गायतोंडे असेच उमगले. त्यांच्या एका हिरवट चित्रासमोर उभी होते. झाड नाही, माणूस नाही, ओळखीचं काहीच नाही. मग एकदम आपला ठाण्यातला मासुंदा तलाव आठवला. पावसाळ्यातली संध्याकाळ, बाबांचं बोट धरून मी कठड्याशी, आणि शेवाळी पाण्याखालून वर येऊ पाहणारा उजेड. तिथून पाय निघेना. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या बोथट सुरीने) रंगाचे थर चढवत, मध्येच काढूनही घेत. तो उजेड त्या थरांतून येतो, हे मला नंतर कळलं. आठवण आधी आली होती, म्हणून ही माहिती मनात रुजली.

पण आठवणीतच रमू नकोस, परत चित्राकडे ये. रंग कुठे पातळ झालाय, शेजारच्या रंगामुळे उजळलाय की मळकट दिसतोय, ते बघ. एकच करडा कागद काळ्यावर ठेवला तर उजळ आणि पांढऱ्यावर ठेवला तर गडद दिसतो. घरी करून बघच.

मोबाइलवर रंग बदलतात, त्यामुळे प्रत्यक्ष जायलाच हवं. ठाण्याहून सीएसएमटी लोकल पकड, पुढे काळा घोड्यापर्यंत चालत. तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही. पहिल्या खेपेला तीनच चित्रं बघ, पण मनसोक्त.