उडतं विमान घे

पोरी,

कुठलं जुनं विमान विकत घ्यावं हे ठरवायला तू पत्रात केलेली ती दोन रकान्यांची यादी वाचली. डावीकडे पिवळी पायपर कब, उजवीकडे १९४६ ची सेसना १४०. कबचा रकाना पान भरून वाहतोय. १४० खाली मोजक्या ओळी: रंग विटलाय, सीट फाटलीय, आणि अगदी तळाला, कंसात, 'मालक दर आठवड्याला उडवतो'. कंसात! ती ओळ सगळ्यात वर हवी होती.

उडतं विमान घे. जुन्या विमानांबद्दल मला जे काही कळलंय ते एवढ्यातच आलं. बाकी सांगतो ते फक्त तुझी खात्री पटावी म्हणून.

कबच्या जाहिरातीत 'ओव्हरहॉलनंतर फक्त ४० तास' असं लिहिलंय आणि तू त्याखाली रेघ मारलीस. ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं जुळवणं, झालं २००९ साली. म्हणजे पंधराहून जास्त वर्षांत चाळीस तास, वर्षाला तीनसुद्धा नाहीत. तुला वाटतं इंजिन नवं आहे. ते नवं नाही, पडून राहिलेलं आहे. कॉन्टिनेंटल ए-६५ हे पासष्ट अश्वशक्तीचं साधं, सोशिक इंजिन आहे, पण उभं राहिलं की सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल ओघळून जातं आणि उघड्या पोलादाला दमट हवा लागते. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि लिफ्टरवर बारीक खड्डे पडतात. विकत घेतल्यावर काही तास सगळं छान चालतं, मग तेलाच्या जाळीत धातूचा चुरा सापडू लागतो. मालक म्हणतो, दर महिन्याला हँगरबाहेर काढून दहा मिनिटं चालवतो. ते तर अधिक वाईट. दहा मिनिटांत तेल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी उडून जात नाही, उलट ज्वलनातून निघालेलं नवं पाणी आत साचतं. उपसा नसलेल्या विहिरीचं पाणी कुणी पितं का?

तू पाठवलेले कबच्या लॉगबुकचे, म्हणजे नोंदवहीचे, फोटो मोठे करून बघ. एका ॲन्युअलला, म्हणजे वार्षिक तपासणीला, टॅकचा (इंजिनाचे तास दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा १०१२.४. पुढच्या वर्षी १०१४.१. त्याच्या पुढच्या वर्षी १०१५.०. सही त्याच मेकॅनिकची, मजकूर शब्दाला शब्द तोच. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. त्या माणसाचा कबवर फार जीव आहे, फक्त तो तिला उडवत नाही. आणि जे उडत नाही त्यातली दुखणी कुणाला कळत नाहीत. फ्यूजलाजच्या, म्हणजे धडाच्या सांगाड्याच्या, खालच्या नळ्या शेपटीकडे उतरत्या असतात, पाणी तिथे जाऊन बसतं. पायपरच्या लिफ्ट स्ट्रटवर, म्हणजे पंख तोलणाऱ्या तिरक्या दांड्यांवर, तर एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा) आदेशच आहे: आतून गंजतात म्हणून दर चोवीस महिन्यांनी तपासा, नाहीतर सीलबंद स्ट्रट बसवा. वरचा पिवळा रंग कितीही सुंदर असो, नळीच्या आत काय चाललंय ते त्यातून दिसत नाही.

हे मी कुठे शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही. भारतात आमच्या फ्लाइंग क्लबात पुष्पक होत्या. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली घडलेलं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं दोन आसनी विमान. अंगानं थेट अमेरिकन एरॉन्का चीफसारखं, शेपटीला चाक, नाकात नव्वद अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल. विद्यार्थी रोज आदळायचे, तरी विमानं धडधाकट होती. मग एकेक पुष्पक उभी राहू लागली. कधी सुट्या भागासाठी, कधी कुठल्याशा कागदासाठी. दोन पावसाळे पुरले. विमानाच्या अंगावर ताणलेल्या कापडावर बोट दाबलं की ते आरपार जायचं, आतल्या नळीचा गंज हाताला लागायचा. ज्या उडत राहिल्या त्यांना काही झालं नाही. पाऊस तोच, शेड तीच, मेकॅनिकही तेच. मी पोरगेलेसा विद्यार्थी, माझं कोण ऐकणार होतं? पण त्या उभ्या पुष्पकांची हळहळ अजून जात नाही. इकडे ओहायोत आल्यावर पैसे साठले तेव्हा मी इथल्याच मिडलटाउनला बनलेली एरॉन्का चॅम्प का घेतली, हे आता तुला कळेल.

आता १४०. उडती आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. विकणाऱ्याच्या ओळखीतला नसलेला मेकॅनिक तुझ्या पैशानं ने. या वयाचं टेलव्हील (शेपटीला चाक असलेलं) विमान कधीतरी ग्राउंड लूप झालेलं, म्हणजे जमिनीवर धावताना गर्रकन फिरलेलं, असतंच असं धरून चाल. त्याला दचकू नकोस, दुरुस्ती कशी झाली ते बघ. ओक्लाहोमा सिटीहून एफएएकडची फाइल मागव. मोठी दुरुस्ती झाली असेल तर फॉर्म ३३७ असायला हवा. तो आणि लॉगबुक शेजारी ठेवून वाच. चाकांचे स्प्रिंगचे पोलादी पाय पोटात जिथे बसवलेत तिथलं झाकण काढून टॉर्च मारा: तडा, सुरकुतलेला पत्रा, मधेच नवे रिव्हेट. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो त्या, आकड्यांवर समाधान मानू नका, सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (आत बघायची बारीक दुर्बीण) घाला. चाकांना एक्स्टेंडर आहेत का तेही बघ. सुरुवातीच्या १४० जोरात ब्रेक दाबला की नाकावर जायच्या, म्हणून चाकं पुढे सरकवायला ते लावत. फाटक्या सीटचं मनावर घेऊ नकोस, ती एका शनिवारात शिवून होते.

'मला टेलव्हील जमेल का' असं तू पुन्हा विचारलंयस. किती वेळा सांगू? गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून विमान जरा तिरकं झालं की शेपूट पुढे यायला बघते. त्यावर उत्तर म्हणजे जागे पाय, विमान थांबेपर्यंत. लॉगबुकात एन्डॉर्समेंट, म्हणजे प्रशिक्षकाची सही, पडली म्हणून पाय जागे राहत नाहीत, दर आठवड्याला उडून राहतात. आणि इथेच त्या कबची मला खरी भीती वाटते. एवढे पैसे ओतून, एवढी चकचकीत वस्तू घेतल्यावर जरा आडवा वारा सुटला की तू तिला बाहेर काढणार नाहीस. आज नको, उद्या बघू. वर्षभरात तुझ्या लॉगबुकातले आकडेही तिच्यासारखेच दिसू लागतील. १४० वर एक ओरखडा पडला तर तुझी झोप उडणार नाही. म्हणून तू तिला उडवशील.

माझ्या चॅम्पचा रंग किती वाईट झालाय ते सगळं एअरफील्ड मला सांगतं. तुझी काकूसुद्धा. मी तो देत नाही याला लोक कंजूषपणा म्हणतात. नव्यानं रंगवायची म्हणजे पंख काढा, कापड उतरवा, आणि एकदा विमान सुटं झालं की ते किती वर्षं सुटंच राहतं हे मी इथल्या हँगरांतून बघतोय. मी इंजिनावर खर्च केला, पंखातले मुख्य दांडे, म्हणजे स्पार, तपासून घेतले, टायर बदलले, रंगाला हात लावला नाही. एक गृहस्थ म्हणाले, 'तुम्ही वारसा झिजवताय.' कसला वारसा? १९३९ पासून अमेरिकेनं कॉलेजातल्या पोरांना उडायला शिकवायची योजना चालवली, त्यात याच जातीची विमानं राबली. एकट्या कबच वीस हजारांच्या आसपास बनल्या, त्या शिकाऊंनी आदळाव्यात म्हणूनच. ज्यासाठी बनलं ते करू न देता विमान जपणं मला कधी पटलं नाही, आणि आता या वयात पटणारही नाही. तुला कब आवडते हे मला दिसतंय. मलाही आवडते. आठवड्याला उडणारी कब सापडली तर मी स्वतः तुझ्याबरोबर बघायला येईन. ही ती नाही.

गुरुवारपर्यंत १४० च्या शेवटच्या पाच ॲन्युअलची पानं पाठव. टॅकचे आकडे वाचता येतील असे फोटो काढ, रंगाचे नकोत. विमा कंपनीला फोन करून टेलव्हीलचे किती तास मागतात ते विचारून ठेव. आणि मालकाला सांग, आम्ही येऊ त्या दिवशी इंजिन आधी तापवून ठेवू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं ते मला बघायचंय.

तुझा,
काका