‘मित्र गेला’ एवढंच सांगता आलं

प्रश्न : माझं वय 47. डोंबिवलीत आम्ही दोघं 16 वर्षं एका घरात राहिलो, लोकांसाठी ‘रूम पार्टनर’ म्हणून. मार्चमध्ये तो हार्ट अटॅकने गेला. दहाव्याला मी घाटावर मागे उभा होतो. ऑफिसात ‘मित्र गेला’ म्हणालो, एक दिवस रजा मिळाली. आई म्हणते, आता तरी लग्न कर. रडतो आणि रडण्याचीच लाज वाटते. मी त्याचा कोण?
– अ.

उत्तर : तुम्ही जाता जाता लिहिलंय, की कावळा शिवेना. त्याच्या भावाने आईला सांभाळायचा शब्द दिला, तरी नाही. मग तुम्ही मनातल्या मनात म्हणालात, ‘बीपीची गोळी वेळेवर घेईन, जा तू.’ आणि शिवला. माझा कावळ्यांवर फारसा विश्वास नाही. पण जीव कशात अडकला असेल हे ज्याला बरोबर ठाऊक, तो ‘मित्र’ नसतो हो. तुम्ही विधुर आहात.

बायको गेली असती तर शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणला असता. तुम्ही त्या रात्री एकट्याने चहा-बिस्किटं खाल्लीत. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध कलम 377 च्या गुन्ह्यातून काढले, 2023 मध्ये अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. अशा मधल्या जागेत तुमचं नातं राहिलं. त्याची लाज तुम्ही का बाळगायची?

पैशांचं थोडक्यात : तुम्ही नॉमिनी असलात तरी नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र नसेल तर वारस त्याची आई. वकिलाला विचारल्याशिवाय कुठे सही करू नका.

तुमच्या आईला सगळं आत्ताच सांगा, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणा, ‘लग्नाचा विषय नको, माझं माणूस गेलंय.’ दर दिवाळीला ती फराळाचे दोन डबे पाठवायची ना? तिला वाटतं तेवढं नवीन नसेल हे.

निदान एका माणसाला त्याच्याबद्दल खरं सांगा. मुंबईत समलैंगिक व्यक्तींसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था 1994 पासून आहे, तिथे समजावून सांगायची वेळ येणार नाही. रात्री असह्य झालं तर टेलि-मानस, ही सरकारची मानसिक आधाराची हेल्पलाइन, 14416, मराठीतही बोलतात.

त्याचे बूट रॅकवरून काढू का, विचारलंत. असू देत. गोळी मात्र घ्या, शब्द दिलाय तुम्ही.