बीपीची गोळी आणि बिछान्यातली अडचण

ताई, माझं वय ४७. आठ महिन्यांपूर्वी बीपी निघालं आणि अ‍ॅटेनोलॉल ५० व क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत ताठरता येईनाशी झाली. बायको बोलत नाही, पण तिला माझा संशय येतोय. हे गोळीमुळे होतं असं मोबाइलवर वाचलं, म्हणून चार दिवस गोळी बंद ठेवलीय. मित्र म्हणतो व्हायग्रा घे. डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे, त्यांना कसं सांगू?
– एक वाचक, सातारा

आधी त्या चार दिवसांचं बघू. अ‍ॅटेनोलॉल एकदम तोडली की दाबून ठेवलेली धडधड उसळते, बीपी चढतं, आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच अडथळा असेल तर झटकासुद्धा येऊ शकतो. ही गोळी थांबवायचीच झाली तरी डोस कमी करत एक-दोन आठवड्यांत थांबवतात. आजच डॉक्टरांना फोन करा आणि पुन्हा कशी सुरू करायची ते विचारा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर फोनच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल गाठा.

गोळीवरचा तुमचा संशय निराधार नाही. जुने बीटा-ब्लॉकर (धडधड दाबणारी औषधं, अ‍ॅटेनोलॉल त्यांतलंच) आणि क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी औषधं, दोन्हींवर हा आरोप आहे, आणि तुमच्या एका गोळीत दोन्ही आहेत. पण २००३ साली इटलीतल्या डॉक्टरांनी ९६ हृदयरोगी पुरुषांना अ‍ॅटेनोलॉल ५० मिलीग्रॅमच दिली. औषधाचं नाव न सांगितलेल्यांत सुमारे ३ टक्क्यांनी तक्रार केली, नाव सांगितलेल्यांत १६, आणि नावासोबत हा दुष्परिणामही सांगितलेल्यांत ३१ टक्क्यांनी! तुमची अडचण मोबाइलवर वाचण्याआधीची की नंतरची, हे प्रामाणिकपणे आठवून बघा. पहाटे अधूनमधून ताठरता येत असेल तर शरीराची यंत्रणा बहुधा शाबूत आहे आणि ताणाचा वाटा मोठा आहे.

पहाटेही काहीच नसेल तर मात्र गोळीला दोष देऊन थांबू नका. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बीपी, शुगर, तंबाखूने होणारं नुकसान पुष्कळदा तिथे आधी दिसतं, हृदयाची तक्रार दोन-तीन वर्षांनी येते. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) आणि सकाळी अकराच्या आत टेस्टोस्टेरॉन, एवढ्या तपासण्या करून घ्या.

डॉक्टरांना सांगायला एक वाक्य पुरे: ‘गोळी सुरू झाल्यावर ताठरता येत नाही, बदलून देता येईल का?’ जीभ अडखळत असेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा. वडिलांची ओळख असली तरी पेशंटची गोष्ट घरी सांगणं त्यांना चालत नाही, आणि ही तक्रार ते नेहमीच ऐकतात. नुसतं बीपी असेल तर आता बीटा-ब्लॉकर सहसा पहिली निवड नसतो. टेल्मिसार्टनसारख्या गोळीचा या बाबतीत त्रास क्वचितच होतो. हृदयासाठी बीटा-ब्लॉकर लागणारच असेल तर नेबिव्होलॉल या नव्या बीटा-ब्लॉकरबद्दल विचारा. बदलल्यावर महिना-दीड महिना वाट पाहा, आठ दिवसांत निकाल लावू नका.

मित्राचा सल्ला वाईट नाही, फक्त मेडिकलमधून परस्पर आणायचा नाही. व्हायग्रा म्हणजेच सिल्डेनाफिल, ५० मिलीग्रॅम, संबंधाच्या तासभर आधी, जड जेवण टाळून घेतात. इच्छा आणि स्पर्श नसेल तर ती काहीच करत नाही, म्हणून पहिल्या वेळी फसली की लोक निकामी म्हणतात. छातीत दुखण्यावरचं सॉर्बिट्रेट किंवा त्याच जातीचं कुठलंही नायट्रेट घेत असाल तर ती अजिबात नको, बीपी एवढं कोसळतं की जीव जाऊ शकतो. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तेही सांगा. ‘शुद्ध आयुर्वेदिक ताकदीच्या’ पुड्या तर नकोतच. त्यांत हेच औषध बेहिशेबी मिसळलेलं अनेकदा सापडलंय.

आणि आज रात्री बायकोला गोळीची पट्टी दाखवून सांगा की ही सुरू झाल्यापासून असं होतंय, डॉक्टरांकडे जातोय. जाताना तिला सोबत न्या.