जंगलातल्या तळ्यातल्या वनस्पती ओळखायच्या कशा?

प्रश्न : नवेगावबांधजवळच्या जंगलातल्या एका बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, पांढरी फुलं पाहिली. कोणी कमळ म्हणतं, कोणी कुमुद. नेमकं काय असेल?

उत्तर : फूल नंतर बघा, आधी पान बघा. कमळाचं पान सलग वाटोळं असतं, देठ खालून बरोबर मध्ये जोडलेला असतो आणि पाण्याचे थेंब पानावरून घरंगळून जातात. पुष्कळशी पानं पाण्याच्या वर उभी दिसतात. कुमुदाचं पान मात्र पाण्यावरच पसरलेलं असतं आणि कडेपासून देठापर्यंत त्याला चीर गेलेली असते. पानाची कड दातेरी आणि खालची बाजू लवदार असेल, तर ते रात्री उमलणारं कुमुद. ऊन चढलं की ते मिटतं, म्हणून सकाळी लवकर जावं.

पण फूल अगदीच लहान, पाचेक पाकळ्यांचं, मध्ये पिवळं आणि पाकळ्यांवर पांढऱ्या तंतूंची दाट झालर असलेलं असेल, तर ती कुमुदिनी. कासच्या पठारावर एका तळ्याला तिचंच नाव आहे. पान हुबेहूब कुमुदासारखं असल्यामुळे इथे चांगले जाणकारही फसतात. पान हलकेच उचला. कुमुदिनीच्या फुलांचा झुपका पानाच्या लगत खालून निघालेला दिसेल. कुमुदाचं फूल तळातल्या कंदापासून आलेल्या स्वतंत्र दांड्यावर एकटंच असतं.

प्रश्न : आमच्या तलावात फुगीर देठांची झाडं तरंगतात. जलकुंभी म्हणून काढून टाकावीत का?

उत्तर : थांबा, तो शिंगाडा असू शकतो! त्याचेही देठ फुगतात. शिंगाड्याची पानं शंकरपाळ्याच्या आकाराची, दातेरी, पाण्यावर चपटी पसरलेली असतात. फूल पांढरं, चार पाकळ्यांचं. खाली शिंगांची फळं लागतात. भंडारा-गोंदियाकडे मासेमारी करणारी ढिवर कुटुंबं हे पीक घेतात, तेव्हा विचारल्याशिवाय हात लावू नका. जलकुंभीची पानं उभी, चकचकीत असतात आणि खाली काळपट, पिसांसारखी मुळं लोंबतात. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे. ती जरूर काढा, पण फुलण्याआधी, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

प्रश्न : बुडालेल्या वनस्पती सगळ्या सारख्याच दिसतात. काय करावं?

उत्तर : बाहेर काढल्या की त्यांचा गोळा होतो. छोटा तुकडा पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत सोडा. खोडाभोवती साध्या, बारीक दातेरी पानांची वलयं दिसली तर हायड्रिला. पानं दुभंगलेली आणि मुळं अजिबात नाहीत, तर सेरॅटोफायलम. केसासारख्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतील तर युट्रिक्युलेरिया. त्या पिशव्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. लांब फितीसारखी पानं बुडापासून निघत असतील तर व्हॅलिसनेरिया. तिची नर फुलं तळाशी सुटतात, वर येऊन तरंगत मादी फुलापर्यंत पोचतात. फलन झालं की मादी फुलाचा देठ वेटोळं घालून फळ खाली ओढून नेतो. दिसलं तर तासभर तिथेच बसा.

प्रश्न : नाळीची भाजी आणि बेशरम यांत गफलत होते.

उत्तर : फुलं सारखीच, म्हणून फुलावर जाऊ नका. नाळी पाण्यावर सरपटते, तिचं खोड पोकळ. बेशरम माणसाच्या उंचीचं झुडूप होतं आणि ते विषारी आहे. नाळीही तळ्यातून आणली असेल तर कच्ची खाऊ नये. अभयारण्यात मात्र काहीच तोडू नका, आणि ताडोबाच्या तलावात मगरी आहेत, तिथे काठावरूनच दुर्बिणीने बघा.