एकच एसी थंडीत ऊबही देईल का?

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यात द्राक्षबागेतच राहतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांच्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवते. पुण्याचा मुलगा म्हणतो, ‘हॉट अँड कोल्ड’ एसी घे. दुकानदार म्हणतो, ऑइल हीटर स्वस्त पडेल. कोणाचं ऐकू? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी शेगडी बाहेर काढा, एसीचं मग बघू. दार-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही.

आता मुलाचं म्हणणं. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हॉट अँड कोल्ड मशीनमध्ये वायूची दिशा उलटवणारा एक व्हॉल्व्ह जास्तीचा असतो. थंडीत तो फिरला की तेच मशीन बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून आत सोडतं. यालाच हीट पंप म्हणतात. पाच अंशांच्या हवेत कसली आलीय उष्णता, असं वाटेल, पण तुमचा फ्रीजही थंडगार कप्प्यातली उष्णता काढून मागच्या जाळीतून सोडतोच की!

हीटर एका युनिटात एक युनिटाचीच ऊब देतो. हीट पंप साधारण तिप्पट देतो, कारण तो ऊब तयार करत नाही, नुसती वाहून आणतो. १५०० वॅटचा हीटर सहा तास अखंड चालला तर ९ युनिटं जातात. तेवढ्याच उबेला हा एसी साधारण ३ युनिटं घेईल. बिल ३०० युनिटांच्या पुढच्या टप्प्यात गेलं की दर चढतो, हेही धरा.

तरी दुकानदार अगदीच चूक नाही. तुमची कडक थंडी जेमतेम दोन महिन्यांची. एप्रिल-मेसाठी एसी घ्यायचाच असेल, तर वरचे पैसे घालून हॉट अँड कोल्ड घ्या. उन्हाळ्यात पंख्यावर भागत असेल किंवा साधा एसी आधीच असेल, तर ऑइल हीटर घेऊन मोकळे व्हा. विजेत वाचलेल्या पैशांतून नव्या मशीनची किंमत निघायला फार वर्षं लागतील.

घ्यायचा ठरलाच तर रिमोटवरच्या सूर्याच्या चित्रावर जाऊ नका. पुष्कळदा रिमोट सगळ्या मॉडेलना एकच असतो आणि आत व्हॉल्व्हच नसतो. मॉडेलच्या माहितीपत्रकात हीटिंगची क्षमता वेगळी लिहिलेली बघा. वरचे स्टार फक्त थंडाव्याचे असतात. इन्व्हर्टर एसीच घ्या, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा. खोली १० बाय १२ ची असेल तर एक टन पुरे. ऊब वर जाते, म्हणून थंडीत झडप खाली वळवा. कडाक्याच्या पहाटे मधूनच पाचेक मिनिटं गरम हवा थांबली तर मेकॅनिक बोलावू नका. बाहेरच्या जाळीवरचं हिम मशीन स्वतःच वितळवत असतं.

तुमच्यासाठी एक खास सूचना. भुरी रोगासाठी बागेत गंधक मारता ना? गंधक तांब्याला खातं आणि एसीच्या नळ्या बहुधा तांब्याच्याच असतात. बाहेरचं युनिट बागेच्या बाजूला लावू नका, घराच्या दुसऱ्या अंगाला लावा, मग नळी चार फूट जास्त लागली तरी चालेल.